भाड्याच्या घरातली दुरुस्ती: कोणी करायची, पैसे कोणी द्यायचे आणि हे कधी ठरवायचे

नळ गळायला लागला. भाडेकरूने प्लंबर बोलावला, पैसे दिले आणि महिनाअखेरीस ते भाड्यातून वळते करून घेतले. घरमालकाला हे कळले ते भाडे कमी आले तेव्हा. पुढे जे भांडण होते त्यात नळ बाजूलाच राहतो. याच्या उलट प्रकारही तितकाच नेहमीचा आहे. बाथरूमच्या भिंतीला ओल आली, पण 'घर मालकाचे आहे, तो बघेल' म्हणून भाडेकरू दोन महिने गप्प राहिला आणि प्लास्टर सुटून खाली आल्यावर त्याने फोन केला.

दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे. जबाबदारी कुणाची, हा प्रश्न वस्तू बिघडल्यावर विचारला गेला आणि तोही वस्तूचे नाव घेऊन: नळ म्हणजे भाडेकरू, भिंत म्हणजे मालक. पण नळ तीन कारणांनी गळतो. वॉशर झिजतो, कुणीतरी जोर लावून फिरवल्याने आतला दांडा तुटतो, किंवा भिंतीतला पाइप गंजलेला असतो. नळ तोच असला तरी तिन्ही वेळा उत्तर वेगळे येते. म्हणून कारण आधी शोधायचे आणि पैशाचे बोलणे नंतर करायचे. खालच्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत. पहिल्या तीन पायऱ्या किल्ली हातात घेण्यापूर्वीच्या आहेत. त्या चुकल्या तर पुढच्या सगळ्या अवघड होतात.

१. ताबा घेण्यापूर्वी घर चालवून बघा

घर नुसते फिरून बघणे पुरेसे नसते. ते वापरून बघायचे असते, आणि शक्यतो दिवसाउजेडी, मालक किंवा त्याचा माणूस सोबत असताना.

सगळे नळ एकदम सोडा. धार एकदम बारीक झाली तर दाब किंवा पाइप यांपैकी कशात तरी खोट आहे. प्रत्येक बेसिनमध्ये आणि मोरीत बादलीभर पाणी ओतून ते किती वेगाने उतरते ते पाहा. फ्लश दोनदा करा. गिझर चालू करून वीस-पंचवीस मिनिटांनी पाणी तपासा. चार्जर हातात घेऊन प्रत्येक प्लग पॉइंट तपासा. दारे, खिडक्या, कड्या, लॅच सगळे उघडून पुन्हा बंद करा. सिंकखालचे कपाट उघडून पाइपच्या सांध्यांवरून कोरडा कागद फिरवा. डोळ्यांना न दिसणारी गळती कागदाला कळते. वीजपेटीत शॉकपासून वाचवणारे आरसीसीबी असेल तर त्याचे टेस्ट बटण दाबा. खटका लगेच पडला पाहिजे. तो पडला नाही तर हे उपकरण बदलल्याशिवाय राहायला जाऊ नका.

आता नोंद. प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून फोटो घ्या आणि मग प्रत्येक दोषाचा जवळून फोटो काढा. शेजारी मोजपट्टी धरली तर आकार कळतो. हे फोटो त्याच दिवशी समोरच्याला ईमेलने किंवा मेसेजने पाठवा. फोटो फक्त तुमच्या फोनमध्ये राहिले तर ते कधी काढले यावरच वाद होतो. वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडेही पाठवा.

यादी लिहिताना 'सर्व सुस्थितीत' असे लिहू नका, कारण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. 'हॉलच्या खिडकीची उजवी काच, खालच्या कोपऱ्यात सात सेंटिमीटर तडा' असे लिहा. दोन प्रती काढा आणि दोन्हींवर दोघांच्या सह्या घ्या.

मालकांसाठी इशारा: माहीत असलेला दोष झाकून घर देऊ नका. भारतात लायसन्सने, म्हणजे फक्त राहण्या-वापरण्याची परवानगी म्हणून, जागा देणाऱ्याला स्वतःला माहीत असलेला, पण राहणाऱ्याला माहीत नसलेला धोकादायक दोष सांगावाच लागतो. १८८२च्या सुखाधिकार कायद्याचे कलम ५७ हेच सांगते.

२. तुमच्या जागेला कोणता कायदा लागू आहे ते बघा

'हे तर मालकाचेच काम असते' किंवा 'सगळीकडे भाडेकरूच करतो' अशी वाक्ये खात्रीने बोलली जातात, पण सगळीकडे सारखा असा नियम मुळात नाही. इंग्लंडमध्ये १९८५च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम ११नुसार, सात वर्षांहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्यात इमारतीचा सांगाडा, बाहेरची बाजू, पाणी-वीज-गॅसच्या जोडण्या आणि पाणी गरम करण्याची यंत्रणा चालू ठेवणे मालकाकडे असते. करारात उलटे लिहून ही जबाबदारी भाडेकरूवर ढकलता येत नाही. भारत सरकारच्या २०२१च्या आदर्श भाडेकरार कायद्याची दुसरी अनुसूची मात्र गिझरची दुरुस्ती भाडेकरूकडे देते. नळाचे वॉशर, स्विच-सॉकेट, कुलपे, खिडकीच्या काचा हेही त्याच्याकडेच येते. रंगकाम, पाइप बदलणे, वायरिंग आणि सांगाड्याची दुरुस्ती मालकाकडे राहते. हा कायदा नमुना म्हणून केलेला आहे. राज्याने तो स्वीकारला तरच तो तिथे लागू होतो.

म्हणजे गिझर तोच असला तरी इंग्लंडमध्ये तो मालकाचा आणि या आदर्श कायद्यात भाडेकरूचा. म्हणून दोन गोष्टी तपासा. तुमच्या जागेला लागू असलेल्या कायद्यात करार करूनही बदलता येत नाहीत अशी कोणती बंधने आहेत? आणि तुमचा कागद भाडेपट्ट्याचा, म्हणजे मुदतीपुरता जागेत हक्क देणारा, आहे की लायसन्सचा? भाडेपट्टेदाराला कायद्याने मिळणारे हक्क लायसन्सवर राहणाऱ्याला आपोआप मिळत नाहीत, त्यामुळे त्याच्या बाबतीत करारात काय लिहिले आहे याला फारच वजन असते.

३. करारात तीन याद्या आणि चार आकडे लिहा

बहुतेक करारांत एकच ओळ असते: 'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी.' मी पाहिलेल्या भांडणांपैकी बरीचशी या 'किरकोळ' शब्दातून उगवलेली आहेत. मालकाला गिझर किरकोळ वाटतो, भाडेकरूला बल्बसुद्धा मोठा वाटतो, आणि करार यावर गप्प असतो.

पहिली यादी मालकाची. भिंती, छत, गच्ची, वॉटरप्रूफिंग, भिंतीतले पाइप, मुख्य वायरिंग, सांडपाण्याची मुख्य लाइन, बाहेरून येणारी ओल. या गोष्टी घरात कोण राहते यावर अवलंबून नसतात.

दुसरी यादी भाडेकरूची. रोजच्या वापराने झिजणारे आणि सहज बदलता येणारे सुटे भाग, आणि नियमित स्वच्छता: बल्ब, वॉशर, जाळीतले केस काढणे, एसीचा फिल्टर धुणे, एक्झॉस्ट पंखा पुसणे.

तिसरी यादी लोक विसरतात, पण सगळ्यात कामाची तीच आहे. कारण पाहून ठरवायच्या गोष्टी त्यात येतात: तुंबलेली लाइन, भिंतीवरची बुरशी, खटका पडणे, फुटलेली टाइल, अडकणारे दार. यांच्यापुढे 'पायरी ५प्रमाणे तपासून' एवढे लिहिले तरी पुरे.

मालकाने ठेवलेली उपकरणे एकेक नाव घेऊन लिहा. फ्रिज, पंखे, वॉशिंग मशीन, एसी. प्रत्येकासमोर लिहा की बिघडल्यास मालक दुरुस्त करून देणार आहे, की 'आहे तसे' दिले आहे आणि बिघडल्यावर बदलून मिळणार नाही. दोन्ही मान्य असू शकते, पण न लिहिलेले मान्य नसते.

आता आकडे. पहिला आकडा भाडेकरूने एका छोट्या कामावर करायच्या खर्चाची मर्यादा, दुसरा अशा खर्चाची वर्षभराची एकूण मर्यादा. दोन्ही मासिक भाड्याच्या टक्क्यांत लिहिले तर भाडे वाढले तरी करार जुना होत नाही. तिसरा आकडा मालकाने किती दिवसांत काम सुरू करायचे याचा: धोक्याच्या कामाला २४ तास, पाणी-वीज-संडासासाठी दोन-तीन दिवस, बाकीच्यांना पंधरा ते तीस दिवस अशी मुदत दोघांनाही पेलते. चौथा आकडा पाहणीसाठी किंवा कामासाठी घरात येण्याआधी किती तास कळवायचे याचा. साधारण २४ तास ठेवा.

एक बारकावा मात्र नक्की लिहा. खर्च मर्यादेच्या वर गेला तर मालक पूर्ण रक्कम देणार की फक्त वरची? हे न लिहिल्यामुळे मर्यादा ठरवूनही लोक भांडतात. जर्मनीत छोट्या दुरुस्तीचे कलम करारात असते, तिथे बिल मर्यादा ओलांडले की पूर्ण खर्च मालकावर जातो. माझ्या मते हेच बरोबर आहे, कारण 'फक्त वरची' असे ठरले तर प्रत्येक मोठ्या कामात भाडेकरूचा वाटा शिरतो आणि मर्यादेला अर्थ उरत नाही.

तपासा: सही करण्यापूर्वी समजा की आज रात्री गिझर बंद पडला. कुणाला कळवायचे, कारागीर कोण बोलावणार, किती दिवसांत, पैसे कोण देणार? या चार प्रश्नांची उत्तरे करारात बोट ठेवून दाखवता आली पाहिजेत.

४. बिघाड दिसला की आधी नुकसान थांबवा, मग कळवा

आता घरात राहायला आल्यानंतरच्या पायऱ्या. पाणी वाहत असेल तर त्या नळाचा किंवा घराचा मुख्य कॉक बंद करा. तो कुठे आहे हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. ठिणगी दिसली किंवा जळका वास आला तर मेन स्विच बंद करा. गॅसचा वास आला तर कुठल्याही स्विचला हात लावू नका, चालूसुद्धा नाही आणि बंदसुद्धा नाही. रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या-दारे उघडा, बाहेर पडा आणि बाहेरून फोन करा.

मग लेखी कळवा. फोन केला असला तरी त्यानंतर मेसेज टाका: काय बिघडले, कधी दिसले, आता तात्पुरते काय केले आहे, सोबत फोटो. 'बाथरूममध्ये प्रॉब्लेम आहे' असे मोघम नको. 'बाथरूमच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, फरशीपासून साधारण दोन फुटांवर ओल, आज सकाळी दिसली, खालचा नळ बंद ठेवला आहे' असे हवे.

कळवायला उशीर करणे ही भाडेकरूंची सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. मूळ दोष मालकाचा असला, तरी दोन महिने गप्प राहिल्यामुळे वाढलेले नुकसान तुमच्या अंगावर येऊ शकते. मालकांची तशीच चूक म्हणजे मेसेज वाचून उत्तर न देणे. 'पाहिले, शनिवारी माणूस पाठवतो' एवढ्या एका ओळीने अर्धा राग निवतो.

इशारा: नुकसान थांबवण्यापलीकडचे काम मालकाला न कळवता करून घेऊ नका. दुरुस्ती झाल्यावर कारण शोधता येत नाही, आणि कारणच गेले तर तुमच्याकडे दाखवायला फक्त बिल उरते.

५. कारण शोधा

इथे वेळ घालवा. खालच्या चाचण्यांपैकी बहुतेकांना कारागीर लागत नाही. त्या दोघांनी मिळून केल्या तर पुढचे बोलणे निम्म्याने कमी होते.

वीज. खटका पुन्हा पुन्हा पडतो आहे? त्या लाइनवरची सगळी उपकरणे प्लगमधून काढा आणि खटका वर करा. काहीही जोडलेले नसताना तो पडला तर दोष वायरिंगमध्ये किंवा खटक्यातच आहे. टिकला तर एकेक उपकरण जोडत जा. ज्याने खटका पडेल ते सदोष आहे, आणि ते ज्याचे असेल त्याने ते नीट करायचे. शेवटची दोन-तीन एकदम चालवल्यावरच पडत असेल तर लाइनवर भार जास्त होतो आहे. अशा वेळी मोठ्या क्षमतेचा खटका बसवून घेणे धोक्याचे आहे. वायर तीच राहते, ती तापते आणि आग लागू शकते.

तुंबणे. एकच बेसिन हळू उतरत असेल तर त्याच्या खालच्या वाकड्या पाइपमध्ये केस, साबण, तेलकटपणा अडकला आहे, आणि हा वापराचा भाग आहे. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणचे पाणी तुंबते किंवा एकीकडे सोडलेले दुसरीकडून वर येते, तेव्हा अडथळा मुख्य लाइनमध्ये असतो. तो मालकाकडे किंवा इमारतीकडे जातो. अपवाद एक: लाइनमधून कापड, डायपर, सॅनिटरी पॅड निघाले तर ज्याने टाकले त्याचा खर्च.

गळती. घरातले सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरचा आकडा टिपा आणि तासाभराने पुन्हा पाहा. आकडा पुढे गेला तर मीटरनंतर कुठेतरी पाणी जाते आहे. फ्लशची टाकी संशयित असेल तर टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीचा आतला रबर गेला आहे.

ओल. सगळ्यात जास्त वाद हिच्यावरून होतात, म्हणून जरा सावकाश. पाऊस पडून गेल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी वाढणारी ओल बाहेरून येते. ऋतू कोणताही असो, सारखीच राहणारी किंवा पसरत जाणारी ओल बहुधा पाइपची असते. फरशीपासून वर साधारण मीटरभर चढलेली, वरच्या कडेला पांढरी क्षाराची रेघ असलेली ओल जमिनीतून येते. या तिन्ही मालकाच्या. चौथी वेगळी आहे: बाहेरच्या भिंतींचे वरचे कोपरे, कपाटामागची जागा, खिडकीच्या कडा, आणि तिथे काळ्या ठिपक्यांची बुरशी. खोलीतल्या हवेची वाफ गार भिंतीवर बसून ही तयार होते.

ओळखण्यासाठी भिंत पुसून कोरडी करा, त्यावर हातभर ॲल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस ठेवा. पाणी फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला जमले तर वाफ हवेतली आहे, भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीच्या आतून येते आहे.

पण वाफेची बुरशी निघाली म्हणून लगेच भाडेकरूला दोष देऊ नका. खिडक्या बंद ठेवून आत कपडे वाळत घातले जातात का, हे विचारा. बाथरूमला खिडकी किंवा चालणारा एक्झॉस्ट आहे का, हेही विचारा. हवा जायला वाटच नसेल तर राहणाऱ्याने करायचे तरी काय? अशा वेळी एक्झॉस्ट मालकाने बसवावा आणि तो रोज चालवणे भाडेकरूने पाळावे, ही वाटणी टिकते.

६. आता जबाबदारी ठरवा

कारण हाती आल्यावर तीन प्रश्न याच क्रमाने विचारा.

हे साध्या वापराने, काळाने झाले का? झाले असेल तर ती झीज आहे आणि झीज मालकाची. करारात छोट्या दुरुस्तीच्या यादीत ती वस्तू असेल तर तेवढ्यापुरती भाडेकरूची.

कुणाच्या निष्काळजीपणाने किंवा अपघाताने झाले का? ज्याच्या हातून झाले त्याचे. भाडेकरूच्या घरी आलेल्या पाहुण्याने केले तरी ते भाडेकरूकडे येते, आणि मालकाने पाठवलेल्या कारागिराने केले तर मालकाकडे.

कुणाला आधी कळले होते आणि त्याने काय केले? वाढलेल्या नुकसानाचा वाटा यावरून ठरतो.

नुकसान भाडेकरूचे ठरले तरी नव्या वस्तूची पूर्ण किंमत मागणे योग्य नाही. समजा भिंतीच्या रंगाचे आयुष्य पाच वर्षे धरले आहे. ताबा देताना रंग नवा होता आणि तीन वर्षांनी भिंत खराब झाली. रंगाची तीन वर्षे वापरून झाली आहेत, दोन उरली आहेत. म्हणून भाडेकरूचा वाटा खर्चाच्या दोन-पंचमांश, उरलेला मालकाचा. पाच वर्षे उलटून गेली असतील तर वाटा शून्य. वस्तूंची आयुष्ये यादी करतानाच लिहून ठेवली तर या हिशोबाला पाच मिनिटे लागतात.

७. काम करून घ्या, पुरावा ठेवा

धोक्याचे काम नसेल तर दोन ठिकाणांहून अंदाजपत्रक घ्या आणि ज्याचे पैसे जाणार त्याची होकाराची ओळ लेखी मिळवा. भिंत फोडली असेल तर ती बुजवण्याआधी आतला फोटो काढा. खरे कारण दिसण्याची ती एकच वेळ असते. बदललेला जुना भाग हिशोब होईपर्यंत टाकू नका. पावतीवर तारीख, कामाचे स्वरूप आणि सुट्या भागांची किंमत मजुरीपासून वेगळी लिहून घ्या.

मालक उत्तरच देत नसेल तर? आधीच्या मेसेजचा दाखला देऊन, ठरावीक मुदत घालून लेखी नोटीस द्या. मुदत संपल्यावर दुसरी नोटीस: अमुक तारखेपर्यंत काम सुरू झाले नाही तर सोबतच्या अंदाजपत्रकाप्रमाणे मी करून घेईन. भारतात १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८नुसार, मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने सूचना मिळूनही वाजवी काळात केली नाही, तर भाडेपट्टेदार ती करून खर्च व्याजासह भाड्यातून कापू शकतो, करारात वेगळे ठरले नसेल तर. प्रत्येक शब्दाला इथे अट जोडलेली आहे: बंधनकारक, सूचना, वाजवी काळ, भाडेपट्टा. यातली एक जरी हुकली तरी कापलेली रक्कम थकबाकी धरली जाऊ शकते.

इशारा: रागाने पूर्ण भाडे थांबवू नका. दुरुस्तीचा मुद्दा तुमच्या बाजूचा असतो, थकलेल्या भाड्याचा मुद्दा मालकाच्या बाजूचा होतो. मालकांनीही दबाव म्हणून पाणी किंवा वीज तोडू नये.

८. घर सोडताना

सामान हलवण्याच्या पंधरा दिवस आधी एक पाहणी दोघांनी मिळून करा, म्हणजे भाडेकरूला स्वतः करण्याजोग्या दुरुस्त्यांसाठी वेळ मिळतो. शेवटच्या दिवशी, घर रिकामे आणि स्वच्छ झाल्यावर, पहिल्या दिवशीची यादी हातात घेऊन त्याच क्रमाने खोल्या फिरा आणि त्याच कोपऱ्यांतून फोटो घ्या. आधीच नोंदलेला तडा, उन्हाने उडालेला रंग, चालण्याने झिजलेली फरशी यांचे पैसे कापायचे नाहीत. खिळ्यांनी चाळण झालेली भिंत, तुटलेली बिजागरी, गायब किल्ली यांचे कापायचे.

मालकाने अनामतीतून रक्कम कापली तर प्रत्येक बाबीपुढे कारण, पावती किंवा अंदाजपत्रक आणि वापराच्या वर्षांचा हिशोब लिहून द्यावा. 'साफसफाई व दुरुस्ती' अशी एकच ठोक रक्कम भाडेकरूने मान्य करू नये. मीटरचे शेवटचे आकडे, परत दिलेल्या किल्ल्यांची संख्या आणि उरलेली अनामत कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात येणार हे त्याच कागदावर लिहा, दोघांनी सह्या करा आणि मगच किल्ली द्या.